पंचाहत्तर टक्क्यांचा आरोपी

गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, आमच्या परिचयाच्या एक गणिताच्या शिक्षिका संध्याकाळी घरी आल्या. बाईंना तीन वर्षांपासून आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटे वळत नाहीत, हे त्यांनी पूर्वी सांगितले होते. त्या दिवशी मात्र चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून उचलला. पिशवीतून त्यांनी दोन कागद काढून आमच्यापुढे ठेवले. एक होते वर्तमानपत्राचे कात्रण. त्याचा मथळा होता, 'आमवाताचे कारण पोटात सापडले'. दुसरा होता एका खासगी प्रयोगशाळेचा शौचतपासणीचा अहवाल. त्यात 'प्रिव्होटेला' या नावासमोर ३८ टक्के असा आकडा लाल शाईत छापला होता आणि खाली सल्ला होता: अख्खी धान्ये व कडधान्ये कमी करा, सोबतच्या कॅप्सूल तीन महिने घ्या.

बाईंनी विचारले, "हा जंतू काढून टाकला तर माझा आजार जाईल ना?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "आठवड्याची ती गोळी मी दोन महिन्यांपासून बंद केली आहे. मूळ कारणच सापडले, तर ती कशाला घ्यायची?"

आम्ही जीवाणूंवर संशोधन करतो. वैद्यकाचे डॉक्टर नव्हे. त्यामुळे "आधी तुमच्या डॉक्टरांना आजच भेटा" एवढेच आम्ही त्यांना ठामपणे सांगितले. पण त्यांचा प्रश्न मनातून जाईना. बातमीच्या मुळाशी असलेला शोधनिबंध आम्ही पूर्वी वाचला होता. तो पुन्हा काढला आणि या वेळी, पेपर तपासावा तसा, ओळीओळीने तपासला. त्याचे गुणदोष वाचकांपुढे मांडावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ निबंध काय म्हणतो?

आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अशा आजारांना आपण स्वयंप्रतिकार विकार म्हणतो. हा हल्ला का सुरू होतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. काही जनुकांचा वाटा आहे, धूम्रपानाचा आहे. पण जनुके सारखी असलेल्या जुळ्या भावंडांतही बहुधा एकालाच आमवात होतो, दुसऱ्याला होत नाही. तेव्हा शरीराबाहेरचे काहीतरी कारणीभूत असावे, असा तर्क फार जुना आहे. आतड्यातील जीवाणू हे या तर्कातील एक प्रमुख संशयित.

न्यूयॉर्क विद्यापीठातील होसे शेर, डॅन लिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'ईलाइफ' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ११४ व्यक्तींच्या शौचाचे नमुने घेऊन, त्यांतील जीवाणूंची ओळख डीएनएच्या क्रमावरून पटवली. या व्यक्तींचे चार गट होते. आमवाताचे निदान नुकतेच झालेले आणि आजार आटोक्यात ठेवणारी औषधे अद्याप सुरू न झालेले ४४ रुग्ण. जुना आमवात असलेले व उपचार चालू असलेले २६ रुग्ण. सोरायसिसबरोबर येणारा सांधेदाह असलेले १६ रुग्ण. आणि २८ निरोगी माणसे. 'प्रिव्होटेला कोप्री' हा जीवाणू ठरावीक प्रमाणाहून अधिक आढळला तो असा: नव्या रुग्णांपैकी ३३ जणांत, म्हणजे ७५ टक्के, जुन्या रुग्णांपैकी ३ जणांत, म्हणजे ११.५ टक्के, सोरायसिसच्या गटात ६ जणांत, म्हणजे ३७.५ टक्के, आणि निरोगी गटात ६ जणांत, म्हणजे २१.४ टक्के.

बातमीदाराने यातील ७५ हा एकच आकडा उचलला. बाकीचे तीन आकडे कात्रणात कुठेही नव्हते.

आधी गुणांविषयी

टीका करायची म्हणजे दोषच काढायचे, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. या निबंधाचे तीन गुण आम्हाला मोलाचे वाटतात.

पहिला गुण म्हणजे औषध न घेतलेले रुग्ण वेगळे काढले. औषधांनी आतड्यातील जीवाणू बदलतात. नवे-जुने रुग्ण एकत्र केले असते, तर आजाराचा परिणाम आणि औषधाचा परिणाम यांची सरमिसळ झाली असती. दुसरा गुण म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या सांधेदाहाचे रुग्णही तुलनेसाठी घेतले. त्यामुळे 'सांधे सुजले की हा जीवाणू वाढतो' असे सोपे उत्तर टळले. तिसरा गुण शीर्षकात आहे. या जीवाणूच्या वाढीचा सांधेदाहाच्या वाढीव शक्यतेशी 'सहसंबंध' आहे, असे शीर्षक सांगते. 'कारण' हा शब्द तेथे नाही. 'सहसंबंध' या शब्दाची जागा 'कारण' या शब्दाने घेतली ती प्रयोगशाळा आणि वर्तमानपत्र यांच्या मधल्या वाटेवर.

तरीही काही आक्षेप उरतात. त्यांतले काही निबंधावर आहेत आणि काही त्याच्या वाचनावर.

पहिला आक्षेप: टक्केवारी कोणाची?

नव्या रुग्णांपैकी ७५ टक्के लोकांत हा जीवाणू आहे, हे एक विधान. हा जीवाणू असणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांना आजार होतो, हे दुसरे विधान. दोन्ही विधाने एकच आहेत असे वाटते, तेथेच घोटाळा होतो.

वीस हजार वस्तीचे एक गाव कल्पू या. आमवाताचे प्रमाण अर्धा टक्का धरले, तर गावात १०० रुग्ण असतील. निबंधातील नव्या रुग्णांचे प्रमाण सर्वांना लावले, म्हणजे आरोप शक्य तितका गंभीर करून पाहिला, तरी यांपैकी ७५ जणांत जीवाणू सापडेल. उरलेल्या १९,९०० निरोगी लोकांपैकी २१.४ टक्के, म्हणजे सुमारे ४,२५९ जणांतही तो सापडेल. म्हणजे जीवाणू बाळगणारे एकूण ४,३३४. त्यांत रुग्ण ७५. हे प्रमाण येते १.७३ टक्के. शंभर जणांच्या शौचात हा जीवाणू सापडला, तर त्यांपैकी ९८ जणांना आमवात नाही!

आता गणिताची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. ज्यांच्यात जीवाणू नाही अशा १५,६६६ लोकांत रुग्ण २५, म्हणजे ०.१६ टक्के. १.७३ भागिले ०.१६ केले, तर उत्तर जवळजवळ ११ येते. अकरा पटींचा फरक क्षुल्लक नाही. संशोधकांनी या जीवाणूचा पाठपुरावा करणे योग्यच होते. पण संशोधकाला तपासाची दिशा दाखवणारा आकडा आणि एखाद्या रुग्णाला निदान सांगणारा आकडा, हे दोन वेगळे आकडे असतात. बाईंच्या अहवालावरील लाल शाईचा आकडा निदान म्हणून छापला होता.

शिवाय नमुना लहान आहे. २८ पैकी ६ म्हणजे २१.४ टक्के खरे, पण एवढ्या लहान गटावरून संख्याशास्त्र आपल्याला इतकेच सांगू देते, की खरे प्रमाण ८ ते ४१ टक्के यांच्या दरम्यान कोठेतरी असावे. दशांशचिन्हानंतरचा तो ४ फसवा नेमकेपणा दाखवतो.

दुसरा आक्षेप: वाढला की उरला?

जीवाणूंची मोजणी या पद्धतीत टक्केवारीने होते. एकूण सापडलेल्या डीएनएपैकी किती हिस्सा कोणाचा, एवढेच ती सांगते. एक उदाहरण घेऊ. वर्गात ४० मुले आहेत. १० खो-खो खेळणारी, २० कबड्डी खेळणारी आणि १० क्रिकेट खेळणारी. कबड्डीचा संघ स्पर्धेसाठी परगावी गेला, तर वर्गात खो-खोवाल्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाईल. प्रत्यक्षात त्यांच्यात एकही मूल वाढलेले नाही.

या निबंधात प्रिव्होटेला जेथे अधिक, तेथे 'बॅक्टेरॉइडीस' हा दुसरा गट कमी, असे चित्र दिसते. मग प्रिव्होटेला वाढला, की बॅक्टेरॉइडीस घटले? कदाचित आजाराशी संबंध घटलेल्यांचा असेल, वाढलेल्याचा नसेल. केवळ टक्केवारीवरून याचा निवाडा होत नाही. शौचाच्या ग्रॅममागे प्रत्यक्ष किती जीवाणू आहेत, ही मोजणी सोबत हवी. २०१७ साली बेल्जियमच्या संशोधकांनी अशी मोजणी करून दाखवले, की माणसामाणसांत जीवाणूंच्या एकूण संख्येतच मोठा फरक असतो आणि ती धरली, की टक्केवारीवर उभे केलेले काही निष्कर्ष बदलतात.

तिसरा आक्षेप: उंदरांचे आतडे, उंदरांचे सांधे

सहसंबंधाकडून कारणाकडे जायचे, तर प्रयोग हवा. तो या निबंधात आहे. संशोधकांनी उंदरांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री वसवला आणि मग एका रसायनाने त्यांच्या मोठ्या आतड्याला दाह आणला. ज्यांच्यात हा जीवाणू होता, त्या उंदरांचा दाह अधिक तीव्र झाला.

वाचक चाणाक्ष असेल तर लगेच विचारेल: आतड्याचा दाह ठीक, पण सांध्यांचे काय? शीर्षकात सांधेदाह आहे आणि प्रयोगात आतड्याचा दाह. या जीवाणूमुळे शरीरात दाहाला पोषक परिस्थिती निर्माण होते, एवढे त्या प्रयोगाने सुचवले. सांध्यापर्यंतचा रस्ता त्यात दाखवलेला नाही. आमच्या मते निबंधातील हा सर्वांत कमकुवत दुवा आहे, आणि लेखकांनी त्यावर अधिक स्पष्टपणे बोलायला हवे होते.

काळाचा क्रमही अनुत्तरित राहतो. सर्व रुग्ण आजारी पडल्यानंतर तपासले गेले. जीवाणू आधी वाढला आणि मग आजार आला, की आजाराने आतड्यातील परिस्थिती बदलली आणि ती या जीवाणूला मानवली? सांधे दुखू लागले, की माणसाचे जेवण बदलते, हालचाल कमी होते, वेदनाशामक गोळ्या पोटात जातात. पावसाळ्यात छत्र्या वाढतात, म्हणून छत्र्यांनी पाऊस आणला असे आपण म्हणत नाही.

चौथा आक्षेप: चयापचयाची उलटसुलट साक्ष

जीवाणू नुसते आतड्यात बसून राहत नाहीत. आपण पचवू न शकलेले तंतुमय पदार्थ ते आंबवतात आणि त्यांपासून लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरिक आम्ल मोठ्या आतड्याच्या पेशींचे इंधन आहे. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशींची वाढही त्याने होते, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. जीवाणू काही जीवनसत्त्वे बनवतात, काही औषधांचे रूपांतरही करतात. तेव्हा कोणता जीवाणू हजर आहे याइतकेच तो काय करतो आहे, हे महत्त्वाचे.

न्यूयॉर्कच्या निबंधाने या दिशेने एक पाऊल टाकले होते. काही नमुन्यांतील सर्व जनुके वाचून, प्रिव्होटेलाचे प्राबल्य असलेल्या आतड्यात फोलेटसारख्या जीवनसत्त्वांच्या चयापचयाची जनुके कमी असल्याचे त्यात नोंदवले आहे. पण जनुक असणे म्हणजे ते काम चालू असणे नव्हे. स्वयंपाकघरात पोळपाट-लाटणे आहे, म्हणून आज पोळ्या झाल्याच, असे होत नाही.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१५ साली स्वीडनमधील संशोधकांनी निरोगी लोकांना सातूसारख्या बार्लीच्या दाण्यांचा पाव खायला दिला. ज्यांच्या रक्तातील साखरेचे नियंत्रण सुधारले, त्यांच्यात प्रिव्होटेला अधिक होता. उंदरांना प्रिव्होटेला कोप्री दिल्यावर त्यांचेही साखरेचे नियंत्रण सुधारले. जीवाणू गुणी ठरला! पुढच्याच वर्षी, २०१६ साली, मधुमेह नसलेल्या २७७ डॅनिश लोकांच्या अभ्यासात उलट चित्र दिसले. हाच जीवाणू विशिष्ट अमिनो आम्लांचे रक्तातील प्रमाण वाढवतो आणि इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती त्याच्याशी निगडित आहे, असे आढळले. उंदरांना तो दिल्यावर त्यांच्यातही इन्शुलिनचा प्रभाव घटला. जीवाणू दोषी ठरला!

दोन्ही प्रयोगशाळा नामांकित, दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले. मग खरे काय? दोन्ही खरे असू शकते. एका प्रयोगातील उंदरांचे अन्न तंतुमय होते, दुसऱ्यातील अन्नात स्निग्ध पदार्थ भरपूर होते. तंतू मिळाले, तर जीवाणू एक काम करतो. ते मिळाले नाहीत, तर दुसरे. आणि 'प्रिव्होटेला कोप्री' हा एकच जीवाणू आहे, हे गृहीतकही पुढे टिकले नाही.

पाचवा आक्षेप: तिकडचा आरोपी, इकडचा रहिवासी

हा जीवाणू प्रथम वर्णिला तो २००७ साली, जपानमध्ये. २०१९ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने जगभरच्या हजारो नमुन्यांची छाननी केली. त्यात प्रिव्होटेला कोप्री या एका नावाखाली एकमेकांपासून बरेच वेगळे असे चार वंश नांदत आहेत, असे आढळले. पाश्चात्त्य राहणी असलेल्या समाजांत सुमारे ३० टक्के लोकांत तो होता. पाश्चात्त्य राहणी नसलेल्या समाजांत सुमारे ९५ टक्के लोकांत! तिकडे बहुधा एखादाच वंश, इकडे एकाच पोटात अनेक. आता तर या जीवाणूचे प्रजातिनामही बदलून 'सेगाटेला' असे झाले आहे आणि त्याचे एकाहून अधिक जातींत विभाजन केले जाते.

आपल्याकडचे काय? पुण्यातील संशोधकांनी २०१६ साली भारतीय व्यक्तींच्या आतड्यातील जीवाणूंची इतर देशांशी तुलना केली. भारतीयांत प्रिव्होटेला अधिक असल्याचे त्यांना आढळले. २०१९ साली भोपाळ व केरळमधील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास झाला. त्यातही, विशेषतः शाकाहार अधिक असलेल्या भोपाळच्या गटात, प्रिव्होटेलाचे वर्चस्व दिसले. धान्ये आणि कडधान्ये खाणाऱ्या माणसाच्या पोटात हा जीवाणू असणे, ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे.

मग आमवात? पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमांतर्गत घरोघर पाहणी केली. तेथे आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. पाश्चात्त्य देशांतही ते साधारणपणे अर्धा ते एक टक्का आहे. जीवाणू हाच मुख्य गुन्हेगार असता आणि तो आपल्यापैकी बहुसंख्यांच्या पोटात असता, तर आपल्याकडे या आजाराचे प्रमाण कितीतरी अधिक दिसायला हवे होते.

येथे आम्हालाही आवर घातला पाहिजे. दोन देशांत जनुके, आहार, वयोमान, सिगारेट, सारेच वेगळे असते. तेव्हा वरच्या तुलनेने जीवाणू निर्दोष ठरत नाही. पण न्यूयॉर्कमधील संदर्भमूल्य लावून भारतीय माणसाच्या अहवालातील ३८ टक्के लाल शाईत छापणे चूक आहे, एवढे नक्की ठरते. बाईंच्या जेवणात रोज ज्वारीची भाकरी आणि उसळ असते. त्यांच्या शेजारणीची तपासणी केली असती, तर तिच्याही अहवालात लाल शाई दिसली असती, आणि तिचे सांधे मात्र ठणठणीत!

पक्का पुरावा कसा असतो?

आतड्यातील जीवाणू आणि आमवात यांच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की त्यात कार्यकारणभाव स्वच्छ सिद्ध झाला. स्टॉकहोमच्या डॉ. नाना श्वार्त्स यांनी १९४० च्या सुमारास आमवातासाठी सल्फासलाझीन हे औषध घडवून घेतले. आमवात जंतुसंसर्गाने होत असावा, असा त्यांचा कयास होता. म्हणून जंतूंवर चालणारा एक सल्फा घटक आणि दाह कमी करणारा सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातील एक घटक, हे दोन्ही त्यांनी एका रासायनिक बंधाने जोडले.

हा बंध शरीरात कोण तोडते? १९७२ साली दोन अमेरिकन संशोधकांनी उंदीर जातीच्या प्राण्यांवर प्रयोग केला. पूर्णपणे जंतुविरहित वाढवलेल्या प्राण्यांना औषध दिले, तर ते न तुटता तसेच बाहेर पडले. आतड्यात जीवाणू असलेल्या प्राण्यांत ते तुटले. जीवाणू काढले की क्रिया थांबते, ठेवले की चालते. आहार तोच, प्राणी तोच, फरक फक्त एका गोष्टीचा. आमवाताच्या रुग्णाला आजही दिले जाणारे हे औषध त्याच्या आतड्यातील जीवाणूंवाचून नीट उपयोगी पडणार नाही, हे यातून कळले.

पण याच गोष्टीत एक सापळाही आहे. औषध उपयोगी पडले, म्हणून श्वार्त्स यांचा जंतुसंसर्गाचा कयास खरा ठरला काय? नाही. औषधाचा गुण येण्याची इतर कारणे असू शकतात. बाणाने फळ पडले, म्हणून नेम त्याच फळावर धरला होता असे होत नाही.

सापळ्यात सापडल्यावर काय होते, हेही इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोचे डॉ. फ्रँक बिलिंग्ज यांच्या प्रभावामुळे, शरीरात कोठेतरी दडलेला संसर्ग हेच आमवाताचे मूळ, असे मानले जाऊ लागले. असंख्य रुग्णांचे दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर आतड्यातील विषांच्या कल्पनेपायी कित्येकांचे मोठे आतडेच काढून टाकले. ही माणसे अडाणी नव्हती. आपल्या काळातील नामवंत होती. त्यांच्याकडे एक आकर्षक कल्पना होती, आणि ती तपासून पाहणारी तुलना नव्हती.

नंतरची वर्षे

२०१३ नंतर हे संशोधन थांबले नाही. २०१६ साली जपानी संशोधकांनी प्रिव्होटेला अधिक असलेल्या रुग्णांचे जीवाणू, सांधेदाहाकडे कल असलेल्या उंदरांत वसवले आणि या वेळी प्रत्यक्ष सांधेदाह वाढलेला दाखवला. २०१७ साली काही रुग्णांच्या रक्तात या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. २०१९ साली स्वित्झर्लंडमध्ये रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांपैकी, ज्यांच्यात आजाराची पूर्वचिन्हे होती, त्यांच्यात प्रिव्होटेला अधिक दिसला. काळाच्या क्रमाविषयीचा आक्षेप यामुळे थोडा सौम्य होतो. २०२२ साली मात्र अमेरिकेत एक वेगळाच संशयित पुढे आला. 'सबडोलिग्रॅन्युलम' या गटातील एका जीवाणूचा विशिष्ट वाण जंतुविरहित उंदरांना दिला, तेव्हा त्यांचे सांधे सुजले. आणि २०२३ साली जपानमधून आलेल्या अभ्यासात, रुग्णांकडून मिळालेले प्रिव्होटेलाचे वाण निरोगी माणसांकडील वाणांपेक्षा उंदरांत अधिक उपद्रवी ठरले.

या सर्वांतून आमचे मत असे बनले आहे: आतड्यातील काही जीवाणूंचे काही वाण, काही व्यक्तींत, आमवाताला हातभार लावत असावेत. हे वाक्य मथळ्याला शोभणारे नाही. पण आजच्या पुराव्याला ते धरून आहे. २०१३ च्या निबंधाने एक चांगला प्रश्न नेमका केला, हे त्याचे श्रेय. त्याचे उत्तर म्हणून जे विकले गेले, ते त्यात नव्हते.

आमचीही चूक

बातमीदाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण 'आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जीवाणू असतात' हे वाक्य आम्ही स्वतः अनेक शाळांतील व्याख्यानांत म्हटले आहे. मुलांचे डोळे विस्फारत, आणि आम्हाला आनंद होई. २०१६ साली इस्राएलमधील संशोधकांनी हिशेब नव्याने मांडला. सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू. दहापट नाही, जेमतेम सव्वापट! १९७२ सालचा एक ढोबळ अंदाज चाळीस वर्षे आमच्यासारखे लोक न तपासता सांगत आले होते. तेव्हा त्या बातमीदारात आणि आमच्यात फरक आहे तो इतकाच, की आमच्या आकड्याने कोणी औषध सोडले नाही.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. आरोग्याची एखादी बातमी वर्गात घेऊन जा आणि मुलांना पाच प्रश्न विचारायला सांगा. हे टक्के कशाचे आहेत? तुलनेसाठी कोण घेतले होते? आधी काय घडले आणि नंतर काय? प्रयोग कोणावर केला, आणि ज्या आजाराविषयी बोलतो आहोत त्याच आजाराचा केला का? ही माणसे आपल्यासारखी जेवतात का? नववी-दहावीच्या मुलांना हे प्रश्न जड जाणार नाहीत. गावाच्या वीस हजार वस्तीचे गणित तर सातवीचा विद्यार्थीही करील.

ते गणित आम्ही प्रथम बाईंबरोबरच केले. त्या पुन्हा आल्या, तेव्हा निबंधातील चारही आकडे त्यांच्यापुढे ठेवले. पेन्सिल त्यांना धरवत नव्हती, म्हणून त्या तोंडी सांगत गेल्या आणि आम्ही लिहीत गेलो. १.७३ पर्यंत पोहोचल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे मी दर वर्षी मुलांना शिकवते हो. माझ्याच कागदावर मला कसे दिसले नाही?"

त्यांची मेथोट्रेक्झेटची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आहे. सूज उतरली. उसळ आणि भाकरीही ताटात परत आली. उजव्या हाताची दोन बोटे मात्र त्या काही महिन्यांत वाकली ती वाकलीच. आता बाई फळ्यावर डाव्या हाताने लिहायला शिकत आहेत.